रस्ता खोदायचाय? परवानगीपासून अनामत परत मिळेपर्यंत

पाण्याचं नवं कनेक्शन, तुंबलेली ड्रेनेज लाइन, नाहीतर नवी केबल. कारण काहीही असो, सार्वजनिक रस्त्याला कुदळ लावायची तर परवानगी लागते. ती मागायला गेलं की अर्ज, नकाशा, शुल्क, अनामत, हमीपत्र अशी यादी हातात पडते आणि बहुतेकांना ती निव्वळ कागदी कटकट वाटते. पण यादीतल्या बऱ्याचशा अटींमागे एकच धास्ती असते: बुजवलेला चर काही महिन्यांनी खचणार. ती लक्षात ठेवून नियम वाचले, तर कोणती अट कशासाठी आहे ते उलगडतं आणि सवलत कुठे मागायची, कुठे मागायची नाही, याचाही अंदाज येतो.

ही धास्ती अनाठायी नाही. रस्ता थराथरांनी बांधलेला असतो. वरचं डांबर तुलनेने पातळ असतं. गाड्यांचं वजन पसरवून पेलतात ते खालचे खडीचे आणि दाबून बसवलेल्या मातीचे थर. चर खणला की माती सुटी होते आणि फुगते. ती परत तितकीच घट्ट बसवली नाही, तर उरलेलं बसवण्याचं काम वाहनं आणि पाऊस सावकाश करतात. दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. चराच्या दोन्ही कडांना न खणलेली जी जमीन असते, तिचा बाजूचा आधार जातो आणि तीही आतल्या अंगाला सैल होते. म्हणूनच पुष्कळदा पॅच धड असतो आणि त्याच्या कडेने हातभर अंतरावर भेगा पडतात.

खोदणं टाळता येतं का?

अर्ज भरण्याआधी हा प्रश्न निकाली काढा. रुंद रस्ता आडवा ओलांडायचा असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक खड्डा घेऊन मधून आडवं भोक पाडायचं आणि त्यातून पाइप ओढायचा, ही ट्रेंचलेस पद्धत आता सर्रास वापरली जाते. मशीनचा खर्च जास्त वाटतो खरा, पण रस्ता दुरुस्तीचं शुल्क आणि वाहतूक वळवण्याचा खर्च त्यात धरलात की हिशेब अनेकदा उलटतो. मात्र मधल्या पट्ट्यात काय पुरलंय हे ठाऊक नसताना भोक पाडणं धोक्याचं असतं. गॅसचा पाइप नकळत सांडपाण्याच्या लाइनमधून आरपार गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे कधीतरी ती लाइन तुंबते, सफाईचं यंत्र आत जातं आणि गॅसचा पाइप कापतं.

रस्त्याखाली आधी टाकून ठेवलेला एखादा रिकामा पाइप आहे का, याचीही चौकशी करा. रस्ते विभागाच्या जुन्या नकाशांत अशी सोय कधीकधी सापडते.

आणखी एक अट बहुतेक ठिकाणी असते: नव्याने केलेला रस्ता ठरावीक काळ खोदता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९१ च्या रस्तेकाम कायद्याचं कलम ५८ आहे. त्यानुसार मोठं काम झाल्यावर रस्ते विभाग तिथे काही काळ खोदाईला मनाई करू शकतो. इतर शहरांतही अशा मुदती असतात. तुमचा रस्ता डांबरीकरणाच्या यादीत आला असेल, तर आपलं काम त्याआधीच उरकून घ्या. पुढची काही वर्षं वाट पाहण्यापेक्षा हे कधीही परवडतं. पाइप फुटला, गॅसगळती झाली, अशा आणीबाणीला बहुतेक नियमांत सूट असते. आधी खणायचं आणि ठरावीक वेळेच्या आत कळवायचं. पण कळवायचंच. आणीबाणीच्या नावाखाली नवं कनेक्शन उरकण्याची युक्ती अधिकाऱ्यांना पाठ असते.

रस्ता नेमका कोणाचा?

गाड्या जातात तो भाग एका खात्याचा, पदपथ दुसऱ्याचा, कडेचं गटार तिसऱ्याचं आणि वाहतूक वळवायची तर पोलिसांची वेगळी संमती, असं अगदी सहज असू शकतं. मोठ्या रस्त्यांची मालकी स्थानिक संस्थेकडे नसून वरच्या सरकारी खात्याकडेही असते. चराची रेषा कागदावर आखा आणि ती कोणाकोणाच्या हद्दीतून जाते ते आधी विचारून घ्या. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज नाकारला गेला तर निदान कळतं. तो नुसता पडून राहतो, हा खरा त्रास.

अर्जात काय लिहायचं

खोदाईची लांबी, रुंदी, खोली, सध्याचा पृष्ठभाग डांबरी, काँक्रीट की पेव्हर ब्लॉकचा, कामाची पद्धत, सुरुवातीची आणि संपवण्याची तारीख, आणि काम कोण करणार. सोबत मोजमापांचा नकाशा. त्यात जवळचा खांब, चेंबर किंवा इमारतीचा कोपरा यांपासूनची अंतरं लिहा, म्हणजे जागेबद्दल पुढे वाद होत नाही. कामाच्या दिवसांत दोन-तीन दिवस जास्तीचे धरा. मुदतवाढ मागणं हा नवा अर्ज असतो, आणि परवान्याची तारीख उलटल्यावर उघडा राहिलेला चर म्हणजे दंडाला आयतं निमित्त.

चर उघडण्याआधी रस्त्याचे, पदपथाचे आणि शेजारच्या कुंपणभिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आधीपासून असलेल्या भेगा जवळून टिपा. पुढे कोणी बोट दाखवलं तर हेच फोटो कामाला येतात.

पैशांचे दोन प्रकार, आणि एक फसवं गणित

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. काही ठिकाणी रस्ता पूर्ववत करण्याचं काम रस्ते विभाग स्वतःकडे ठेवतो. तुम्ही फक्त खणायचं, पाइप टाकायचा आणि तात्पुरतं बुजवायचं. त्यासाठी घेतलेलं दुरुस्ती शुल्क परत मिळत नाही. दुसऱ्या पद्धतीत रस्ता तुम्हीच पूर्ववत करायचा असतो, आणि तुम्ही भरलेली रक्कम अनामत असते. काम पसंत पडलं आणि हमीची मुदत सरली की ती परत मिळते. पावतीवर यातलं काय लिहिलंय ते पैसे भरतानाच वाचा. दोन्ही रकमा मागितल्या असतील तर दोन वेगळ्या पावत्या घ्या.

आता गणित. समजा ८ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद चर खणायचा आहे. क्षेत्रफळ झालं ४.८ चौरस मीटर. पण अनेक नियमांत पृष्ठभाग चराच्या कडांपेक्षा जास्त रुंद कापून नव्याने करावा लागतो. सगळ्या बाजूंनी ३० सेंटिमीटर धरले, तर लांबी ८.६ मीटर, रुंदी १.२ मीटर आणि क्षेत्रफळ १०.३२ चौरस मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. ठेकेदाराने चराचं माप धरून दर दिला असेल आणि कार्यालयाने पृष्ठभागाचं, तर मधला फरक तुमच्या खिशातून जातो. दर मागतानाच कोणतं माप धरायचं ते लिहून घ्या.

जमिनीखाली काय आहे?

अमेरिकेत ८११ हा क्रमांक फिरवला की त्या भागातल्या कंपन्या येऊन आपापल्या लाइन जमिनीवर रंगाने आखून देतात. भारतात २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप याच हेतूने सुरू झालं. जिथे अशी सोय नाही तिथे वीज, गॅस, पाणी, सांडपाणी आणि दूरसंचार अशा प्रत्येकाकडे स्वतंत्र पत्र द्यावं लागतं. अमेरिकेतल्या पद्धतीत लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस किंवा तेल, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी आणि पांढरा म्हणजे तुम्ही खोदणार ती जागा. रंगांचे अर्थ देशागणिक बदलतात, त्यामुळे आपल्याकडचा तक्ता पाहिल्याशिवाय ओळखीचा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

नकाशे आणि खुणा दिशा दाखवतात, नेमकी जागा नाही. खोली तर जवळपास कधीच भरवशाची नसते, कारण मधल्या काळात रस्त्यावर थरांवर थर चढलेले असतात. जमिनीखालच्या लाइन शोधणाऱ्या विद्युतचुंबकीय लोकेटरला धातू सापडतो. प्लास्टिकच्या पाइपसोबत तार टाकलेली नसेल तर तो त्याला दिसत नाही. म्हणून खुणेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फुटांत जेसीबीचा दात लावू नये. तिथे हाताने परीक्षण खड्डा घ्यायचा. पहारीऐवजी फावडं वापरायचं, आणि टोचत न जाता बाजूने माती खरवडत जायचं. खणताना चरात वाळू लागली किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली, तर थांबा. ती कोणीतरी तुमच्यासाठीच टाकून ठेवलेली असते.

केबलच्या आवरणाला नुसता ओरखडा आला तरी त्या कंपनीला कळवा. झाकून टाकलेला ओरखडा पुढच्या पावसात उघडकीला येतो, आणि तोवर वर नवा रस्ता झालेला असतो.

खणताना

सुरुवात कटरने. पृष्ठभाग सरळ रेषेत कापून घेतला तरच पुढे पॅचचा सांधा नीट बसतो. ब्रेकरने ओबडधोबड फोडलेली कड नंतर कितीही सारवली तरी सुटतेच. डांबराचे तुकडे, खडी आणि खालची माती यांचे ढीग वेगळे ठेवा. हे सगळं एकत्र झालं की भरावासाठी त्यातलं काहीच कामाचं राहत नाही.

माती चराच्या काठापासून निदान ६० सेंटिमीटर दूर टाका. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. काठावर तिचा ढीग म्हणजे चराची भिंत आत ढकलणारं ओझं, आणि ती ढासळली तर आतल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साधारण दीड मीटर किंवा त्याहून खोल चराला आधाराच्या फळ्या, पेटी किंवा उतरत्या बाजू सक्तीच्या आहेत, फक्त अखंड खडकाचा अपवाद. साधारण १.२ मीटरपासून शिडी किंवा बाहेर पडण्याची तशीच सोय लागते. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण माती भुसभुशीत असेल किंवा चरात पाणी येत असेल तर दीड मीटरची वाट पाहू नका. पाऊस पडून गेल्यावर अनुभवी माणसाने पाहणी केल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका.

बॅरिकेड, रात्रीचे दिवे, परावर्तक पट्ट्या आणि परवान्याचा क्रमांक व संपर्क लिहिलेला फलक या गोष्टी नियमात लिहिलेल्या असतातच. न लिहिलेली एक सांगतो: पादचाऱ्यांची वाट आधी आखा, मग बॅरिकेड लावा. उलट केलं की चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्याला थेट वाहतुकीत उतरावं लागतं. आणि एका दिवसात बुजवता येईल एवढंच खणा. उरलेल्या भागावर लोखंडी प्लेट टाकायची झाली तर ती हलणार नाही अशी पक्की बसवा. खडखडणाऱ्या प्लेटची पहिली तक्रार मध्यरात्रीच येते.

भराव: सगळं काम इथेच ठरतं

तपासायला येणाऱ्याला वरचं डांबर दिसतं, खालचा भराव दिसत नाही. म्हणून कसूर सगळ्यात जास्त इथेच होते. पाइपखाली साधारण १० सेंटिमीटर वाळूचा किंवा बारीक मालाचा बिछाना हवा. पाइप ठेवल्यावर त्याच्या दोन्ही कुशींत, म्हणजे गोलाईच्या खालच्या भागात, माल हाताने सारून लाकडी दांड्याने ठासायचा. वरून टाकलेली वाळू तिथे आपोआप जात नाही, पोकळी राहते, आणि पुढे पाइप नेमका तिथेच वाकतो. पाइपच्या वर ३० सेंटिमीटरपर्यंत बारीक माल टाकून हलक्या हाताने दाबायचा आणि त्यावर इशारा पट्टी पसरायची.

त्यावरचा भराव थरांत टाकायचा. यांत्रिक रॅमर, म्हणजे माती ठोकून दाबणारं यंत्र असेल तर सुट्या मालाचा थर १५ ते २० सेंटिमीटर. हातातली धुमस असेल तर १० च्या आसपास. प्रत्येक थर पूर्ण दाबल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. एक मीटर खोलीसाठी सहा-सात थर होतात, आणि ठेकेदाराला नको असतं ते हेच. जेसीबीने सगळा ढीग एकदम लोटून वरून रोलर फिरवला, तर फक्त वरचा वीतभर दाबला जातो.

मातीतला ओलावाही तितकाच महत्त्वाचा. प्रत्येक मातीला एक ठरावीक ओलावा असतो, जिथे ती सर्वांत घट्ट बसते. राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने १९३३ मध्ये हे मोजण्याची पद्धत मांडली. आजही नियमांत ‘प्रॉक्टर घनतेच्या ९५ टक्के’ अशी अट दिसते ती त्याच्याच नावाची, म्हणजे या चाचणीत मिळालेल्या सर्वाधिक घनतेच्या निदान ९५ टक्के. जागेवर अंदाज घ्यायचा तर माती मुठीत घट्ट दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे झाले, तर ओलावा ठीक. गोळाच होत नसेल तर माती कोरडी आहे. हात चिकट झाला किंवा पाणी सुटलं तर जास्त ओली. काळी चिकणमाती भरावात परत टाकूच नका. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरचा रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. तिच्या जागी मुरूम किंवा कचमिश्रित खडी आणा.

दोन सवयी इतक्या पक्क्या झाल्यात की त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. पहिली, चरात पाणी सोडून माती ‘बसवणं’. स्वच्छ वाळूत, खाली पाणी मुरत असेल तर याचा थोडाफार उपयोग होतो. चिकट मातीत मात्र वरून चिखल होतो आणि आत पोकळ्या तशाच राहतात. दुसरी, वर थोडा उंचवटा ठेवून ‘गाड्या बसवतील’ असं म्हणणं. गाड्या बसवतात हे खरं, पण कुठे किती बसणार ते कोणाच्याच हातात नसतं. बसेपर्यंत पाणी आत शिरत राहतं आणि दुचाकीवाल्यांची चाकं तिथे घसरतात.

चर अरुंद आहे, आत रॅमर मावत नाही किंवा रस्ता लवकर उघडायचाय, अशा वेळी प्रवाही भराव विचारात घ्या. सिमेंट, वाळू आणि पाणी यांचं हे कमी ताकदीचं मिश्रण स्वतःच पसरतं आणि दाबावं लागत नाही. अट एकच: ताकद कमीच ठेवायला सांगा. नाहीतर पुढच्या वेळी पाइपपर्यंत पोचायला दगड फोडावा लागेल. शिवाय पाइप हलका असेल तर तो तरंगू नये म्हणून आधी बांधून ठेवावा लागतो.

वरचा थर

नियमांत बहुधा दोन टप्पे असतात: तात्पुरता पॅच आणि कायमचा पृष्ठभाग. तात्पुरत्याला कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता वापरायचं डांबर-खडीचं मिश्रण चालतं. कायमच्यासाठी ठरवून दिलेली मुदत पाळा. मुदत आहे म्हणून तात्पुरता पॅच वर्षभर तसाच ठेवणं म्हणजे खालच्या भरावात पाणी मुरू देणं.

कायमचा थर टाकताना चराच्या दोन्ही कडांपासून १५ ते ३० सेंटिमीटर बाहेर नव्याने कापायचं. आधी सांगितलेली कडेची सैल पडलेली जमीन नव्या थराखाली आणायची असते, त्यासाठी हे. कापलेल्या उभ्या कडा झाडून, कोरड्या करून त्यांना डांबराचा पातळ हात द्यायचा. हॉट मिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचं मिश्रण, १२० अंशांच्या वर असताना पसरायचं आणि ९० च्या खाली उतरण्याआधी रोलिंग संपवायचं. थोडासा माल दूरवरून उघड्या ट्रकमध्ये आणला तर तो वाटेतच थंड होतो. ताडपत्री झाकलेली आहे ना, हे पाहायला लाजू नका. जुन्या पॅचला लागून नवा पॅच येत असेल आणि मधे जेमतेम फूटभर पट्टी उरत असेल, तर तीही कापून एकच पॅच करा. तेवढी पट्टी टिकत नाही.

काँक्रीटच्या रस्त्यात अख्खा स्लॅब सांध्यापासून सांध्यापर्यंत बदलण्याची अट असू शकते. खर्चिक आहे, पण मधेच जोडलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यांना हमखास तडे जातात. काँक्रीट सतत ओलं ठेवण्याचे दिवस परवान्याच्या मुदतीत आधीच धरा. पेव्हर ब्लॉकचं काम त्यातल्या त्यात सोपं. जुने ब्लॉक नीट काढून रचून ठेवा, खालची वाळू नवी घ्या आणि कडेची दगडी पट्टी हलली असेल तर आधी ती पक्की करा.

चेंबरची झाकणं, पांढरे पट्टे आणि गटाराकडचा उतार हे सगळं पूर्वीसारखं करणं तुमच्याच गळ्यात असतं. ते विसरलं जातं आणि अनामत तिथेच अडते.

तपासणी आणि हमीची मुदत

अधिकाऱ्याला पाहणीसाठी दोनदा बोलवा. एकदा भराव चालू असताना आणि एकदा पृष्ठभाग झाल्यावर. पहिल्या वेळी कोणी आलंच नाही तर बोलावल्याचं पत्र आणि प्रत्येक थराचे फोटो ठेवा. फोटोत चराच्या भिंतीला उभी टेप लावलेली असावी, म्हणजे थराची जाडी वाचता येते.

पृष्ठभाग झाला की तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फट दिसते का ते पाहा. मग बादलीभर पाणी ओता. ते पॅचवर साचून राहिलं किंवा सांध्यावर थांबलं, तर ठेकेदाराचं बिल अजून देऊ नका.

काम पूर्ण झाल्याचा दाखला ज्या दिवशी मिळतो, त्या दिवसापासून दोष दायित्वाची, म्हणजेच हमीची मुदत मोजतात. दाखला मागितलाच नाही तर मुदत सुरूच होत नाही आणि अनामत अधांतरी राहते. इंग्लंडमध्ये ही मुदत बराच काळ २ वर्षं, आणि खोल खोदाईसाठी ३ वर्षं राहिली आहे. तुमच्याकडे ती कमी किंवा जास्त असेल. ठेकेदाराबरोबरच्या करारात तेवढीच मुदत घाला आणि त्याची थोडी रक्कम तोवर रोखून ठेवा. त्याची हमी सहा महिन्यांची आणि तुमची दोन वर्षांची असेल, तर मधलं दीड वर्ष तुम्ही एकटेच उभे असता.

मुदतीत एक पावसाळा तरी जाऊ द्या आणि त्यानंतर स्वतः जाऊन पाहा. सांध्यात बारीक फट दिसली तर तिथे डांबर ओतून बंद करणं स्वस्त पडतं. खचलेलं असेल तर वर नुसता नवा थर चढवू नका. चर पुन्हा उघडून भराव दाबावा लागेल, आणि त्यासाठी परवानगीही पुन्हा घ्यावी लागेल. मुदत संपायच्या महिनाभर आधी संयुक्त पाहणीसाठी अर्ज द्या. पाहणीचा शेरा, पूर्णत्वाचा दाखला आणि अनामतीची मूळ पावती एकत्र जोडून परताव्याची मागणी करा. पावती हरवली असेल तर आधी तिची प्रमाणित प्रत मिळवा, कारण तिच्याशिवाय लेखा विभाग फाइल पुढे सरकवत नाही.